मागणीचं चित्र, कपाटाचं चित्र

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं कशी येतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. जूनमध्ये विभागप्रमुखांना मागणीपत्रकं जातात. त्यातली काही दिवाळीपर्यंत परत येतात, काही येतच नाहीत. मग विक्रेत्यांच्या छापील याद्यांवर पेन्सिलीने खुणा होतात, एखादा विक्रेता पुस्तकांचे गठ्ठे पसंतीसाठी ठेवून जातो, फेब्रुवारीत ग्रंथालय समितीची बैठक बसते आणि मार्चअखेरच्या आत बिलं मंजूर होतात. पुस्तकांवर शिक्के बसतात, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतात आणि ती कपाटात जातात. यात कुणाचीही नियत वाईट नसते. फक्त इतक्या लांबलचक साखळीत, ज्याच्यासाठी पुस्तक घ्यायचं त्या विद्यार्थ्याला कुणी काही विचारत नाही.

मी मराठवाड्यातल्या एका जुन्या अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखा, काही विषयांची संशोधन केंद्रं, आणि विद्यार्थी बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारे. गेली काही वर्षं पुस्तकखरेदीच्या आधी मी शब्दांची चित्रं काढते. आमच्याकडे असलेल्या पुस्तकांची शीर्षकं एका बाजूला आणि वाचक जे मागतात, शोधतात, लिहितात ते शब्द दुसऱ्या बाजूला. कुठला शब्द किती वेळा येतो, कुणाच्या शेजारी येतो, कुठे अजिबात येत नाही, हे संगणक मोजतो आणि आकृतीत दाखवतो. आकृत्यांचं मला फारसं कौतुक नाही. पण खरेदीच्या बैठकीत वाचकाची बाजू मांडायला माझ्याकडे पूर्वी काहीच कागद नसायचा. तो या चित्रांनी दिला.

रंगनाथनांनी मद्रासमध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले ते १९३१ साली. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे आम्ही सगळे परीक्षेसाठी पाठ करतो. पुढे १९७९ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा अभ्यास ॲलन केंट यांनी प्रसिद्ध केला. त्यात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती असं निघालं. त्यावर तिकडे वादही खूप झाले. माझ्या मनात मात्र तो आकडा घर करून बसला, कारण आमच्या अर्थशास्त्राच्या कपाटासमोर उभं राहिलं की पुस्तकांच्या कोऱ्या कडा दिसतात आणि देय दिनांकाच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नसतो.

सुरुवात सोपी वाटली होती. ग्रंथसूचीतून सगळी शीर्षकं एका फाइलीत काढून घेतली. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांची शीर्षकं विभागांकडून गोळा केली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीलाही क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभागाचे उपक्रम आले आहेत, त्यामुळे अशा शीर्षकांना तोटा नाही. संशोधन केंद्रातल्या प्रबंधांची शीर्षकं शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर होती. ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, लोक काय टाइप करतात त्याची नोंद होती. त्यातून सभासदांची नावं आणि क्रमांक आधी काढून टाकले, कारण कोण काय वाचायला शोधतो हे ग्रंथालयाबाहेर जाता कामा नये. याच कारणासाठी व्हॉयंट हे साधन मी आमच्याच संगणकावर उतरवून घेतलं. स्टेफन सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल या दोन अभ्यासकांनी ते बनवलं आहे, मोफत आहे, आणि मजकूर परक्या सर्व्हरवर न चढवताही चालतं.

खरं काम मराठीपाशी सुरू झालं. संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याने शब्दमेघ, म्हणजे जास्त वेळा येणारा शब्द मोठा दाखवणारं चित्र, काढण्याची तयार आज्ञावली चालवून दिली. पहिल्या चित्रात 'मह', 'सरक' असले तुकडे आले, आणि 'पाणी', 'दुष्काळ' हे शब्द कुठेच नव्हते. दुष्काळी जिल्ह्यातल्या पोरांच्या प्रकल्पांत पाणी नाही, हे शक्यच नव्हतं. शोधल्यावर कळलं की ती आज्ञावली अक्षर ओळखते, पण काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. तिथे शब्द तोडते आणि एकट्या उरलेल्या अक्षरांना गाळून टाकते. 'महाराष्ट्र'मधलं 'मह' उरतं, 'सरकार'मधलं 'सरक' उरतं, 'पाणी' पूर्ण नाहीसं होतं. सहकाऱ्याने शब्द तोडण्याचा नियम बदलून दिला, मुक्त हा देवनागरी टंक घातला, तेव्हा चित्र वाचता येऊ लागलं.

पुढची अडचण जास्त चिवट होती. शेतकरी, शेतकऱ्यांचे, शेतकऱ्यांच्या, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांमधील: आपल्याला हा एक शब्द आहे, यंत्राला पाच. इंग्रजी शीर्षकांत 'फार्मर्स' एकाच ठिकाणी मोजला जातो, म्हणून तो ठसठशीत दिसतो आणि मराठीतला शेतकरी पाच ठिकाणी वाटला जाऊन बारीक होतो. त्यातही 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतं. कुणी खाली टिंब असलेला 'ऱ' वापरतो, कुणी साधा 'र' घेऊन त्याला एक अदृश्य जोडचिन्ह लावतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, मोजताना दोन वेगळे शब्द होतात. शिवाय जुने प्रबंध युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये टंकलेले. त्यांतून मजकूर उचलला की रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग हाती येतो. तेवढी शीर्षकं मी हाताने पुन्हा टाइप केली. बाकीच्या शब्दांची तक्त्यात अकारविल्हे यादी लावली. एकाच शब्दाची रूपं शेजारी शेजारी येतात, त्यांच्यापुढे मूळ शब्द लिहीत गेले. हे काम कंटाळवाणं आहे, पण मला ते आवडलं. आपल्या विद्यार्थ्यांनी वापरलेला एक एक शब्द डोळ्यांखालून जातो, आणि आकृती तयार होण्याआधीच निम्मं काही कळून चुकतं.

शेवटी दोन कागद समोर ठेवले. ग्रंथसूचीतल्या समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या भागाचं चित्र बघितलं तर मोठे शब्द होते: इंडियन, इकॉनॉमी, डेव्हलपमेंट, प्लॅनिंग, पॉलिसी, प्रिन्सिपल्स. नियोजन आयोग २०१५ च्या सुरुवातीला जाऊन नीती आयोग आला, पण आमच्या कपाटात पंचवार्षिक योजनांचा काळ अजून चालू होता. दुसऱ्या कागदावर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे शब्द होते: पाणी, सोयाबीन, पीकविमा, बचतगट, ऊसतोड, स्थलांतर, कर्ज, बाजार समिती, टँकर. एका कागदावरचे शब्द दुसऱ्यावर शोधायचे म्हटलं तर बोटावर मोजण्याइतके सापडत होते.

'टँकर' शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत दहा टाक्या आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. ज्या मुलांनी लहानपणी ती गाडी पाहिली किंवा घरी तिच्याविषयी ऐकलं, ती आता आमच्याकडे पदवीला आहेत. ती स्वतःच्या गावाच्या पाण्यावर प्रकल्प लिहितात आणि संदर्भसूचीत संकेतस्थळांचे पत्ते देतात, कारण ग्रंथालयातून त्यांना काही मिळत नाही. हे त्या दोन कागदांवर जितकं स्पष्ट दिसलं, तितकं माझ्या इतक्या वर्षांच्या कपाटांच्या फेऱ्यांत दिसलं नव्हतं.

मग माझ्या मनात आलं, आपल्याकडे खरंच काही नाही का? आमच्याकडे एक कुलूपबंद कपाट आहे. त्यात शासकीय अहवाल आहेत. बर्वे आयोगाचा १९६२ चा सिंचनावरचा अहवाल, प्रादेशिक अनुशेषावरचा दांडेकर समितीचा १९८४ चा अहवाल, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगाचा १९९९ चा अहवाल, केळकर समितीचा २०१३ चा. महाराष्ट्राच्या पाण्यावर बोलायचं तर यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि ग्रंथसूचीच्या चित्रात हे अहवाल होतेही, पण 'रिपोर्ट', 'कमिटी', 'गव्हर्नमेंट', 'व्हॉल्यूम' अशा शब्दांच्या रूपात. ग्रंथालयाचं संगणकीकरण झालं तेव्हा बाहेरच्या संस्थेच्या माणसांनी दाखल नोंदवही पुढ्यात ठेवून शीर्षक, लेखक, किंमत एवढंच भरलं होतं. विषयशीर्षकाचा रकाना हजारो नोंदींत रिकामा. मराठी पुस्तकांची शीर्षकं तर रोमन अक्षरांत, तीही जशी सुचतील तशी. विद्यार्थी देवनागरीत 'दुष्काळ' टाइप करतो आणि त्याला शून्य निकाल मिळतो, आणि पत्रकार पी. साईनाथांच्या दुष्काळावरच्या १९९६ च्या प्रसिद्ध पुस्तकाचा मराठी अनुवाद त्याच्या मागच्याच कपाटात असतो.

या शोधाने माझ्या कामाची दिशा बदलली. मी नवी पुस्तकं घेण्यासाठी चित्रं काढायला घेतली होती, आणि चित्रांनी आधी जुन्या नोंदी दुरुस्त करायला लावल्या. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्या एका कपाटापुरतं ठरवून काम केलं. प्रत्येक अहवाल उघडायचा, अनुक्रमणिका वाचायची, प्रकरणांची नावं नोंदीत भरायची, मराठीत आणि इंग्रजीत विषयशीर्षकं द्यायची, जिल्ह्यांची नावं घालायची. आमचे परिचर, ज्यांना सगळं महाविद्यालय मामा म्हणतं, त्यांनी धूळ झाडत झाडत चितळे आयोगाचे खंड लावून दिले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या गावचं धरण पण असंल का हो ह्यात?" आम्ही शोधलं. खोऱ्यांच्या तक्त्यात ते सापडलं. त्या दिवसापासून अहवालांच्या कपाटाचं कुलूप मामांनीच काढून ठेवलं आहे.

ग्रंथालय समितीपुढे मी दोन्ही चित्रं मोठ्या कागदावर छापून नेली. यापूर्वी बैठकीत मी 'विद्यार्थ्यांची मागणी आहे' म्हणायचे, त्यावर 'कुणाची?' असा प्रश्न यायचा आणि विषय संपायचा. या वेळी भूगोलाचे विभागप्रमुख चष्मा वर करून कागदाजवळ गेले. "मॅडम, हा 'सोयाबीन' आमच्या विद्यार्थ्यांचा का वाणिज्यच्या?" वाणिज्यचे सर म्हणाले, "आमच्या. बाजारभावावर पाच-सहा जणांनी केलंय." भूगोलाचे म्हणाले, "आमच्याही मुलांनी केलंय, पीकपद्धतीतल्या बदलावर." अर्थशास्त्राच्या मॅडमनी पीकविम्याचं नाव काढलं. एकाच पिकाभोवती तीन विभागांची मुलं फिरत होती आणि तिन्ही विभागांनी आपापल्या मागणीपत्रकात त्याविषयीचं एकही पुस्तक लिहिलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसऱ्याच्या खात्यात येतं.

माझ्या मते महाविद्यालयीन ग्रंथसंग्रहातलं सगळ्यात मोठं भगदाड इथे आहे. पैसे विभागवार वाटले जातात. विद्यार्थ्यांचे प्रश्न विभागवार नसतात. हे नीट दिसावं म्हणून मी शोधगंगेवरच्या, आमच्या भागाशी संबंधित प्रबंधांची इंग्रजी शीर्षकं आणि सारांश घेऊन व्हीओएसव्ह्यूअरमध्ये नकाशा काढला. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या व्हॅन एक आणि वॉल्टमन यांनी बनवलेलं हे साधन एकाच मजकुरात जोडीने येणारे शब्द जवळ मांडतं आणि त्यांना रेषांनी जोडतं. मजकुरातले शब्द निवडण्याचं त्याचं काम इंग्रजीपुरतंच चालतं, म्हणून मराठी प्रबंधांसाठी मला तेच काम तक्त्यात हाताने करावं लागलं. नकाशात ऊसतोड कामगार, स्त्रिया, आरोग्य, मुलांचं शिक्षण आणि स्थलांतर हे सगळे एकाच गटात आले. आमच्या ग्रंथालयात ड्यूईच्या वर्गीकरणाप्रमाणे कामगार ३३१ मध्ये, स्त्रिया ३०५.४ मध्ये, आरोग्य ६१० च्या पुढे, शिक्षण ३७० मध्ये. दोन मजले आणि चार विभागप्रमुख. नकाशातल्या त्या गटासाठी पुस्तक मागणारं कुणीच नव्हतं.

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींच्या आया दिवाळीनंतर फडावर जातात. हा विषय आमच्या वर्गांत बसलेला असताना आमच्या कपाटांत नव्हता. ही चित्रं मांडली त्या वर्षापासून ग्रंथालय समितीने खरेदीच्या रकमेतला एक वाटा कुठल्याही विभागाच्या नावे न ठेवता 'सामाईक' म्हणून राखून ठेवला. तो कसा वापरायचा हे चित्रं बघून आणि विद्यार्थ्यांशी बोलून ठरवायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ग्रंथालयाच्या हिताचा यापेक्षा मोठा ठराव माझ्या समोर झालेला नाही.

आता ज्यापासून सावध राहावं लागतं त्याविषयी. ओपॅकवरच्या शोधांचं चित्र काढलं, तर त्यात एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, चालू घडामोडी हे शब्द इतके मोठे येतात की बाकीचं सगळं कोपऱ्यात दबतं. शब्दाच्या आकाराप्रमाणे पैसे वाटायचे ठरवलं तर दोन वर्षांत ग्रंथालय मार्गदर्शकांचं दुकान होईल. या मुलांची गरज खोटी नाही. घरची शेती परवडत नाही, नोकरी हवी आहे, आणि आमच्या वाचनकक्षाइतकी शांत जागा त्यांना गावात नाही. म्हणून स्पर्धा परीक्षांसाठी वेगळा कोपरा आणि वेगळी, ठरलेली रक्कम आहे. चित्रात मात्र ते शब्द मी वगळते, तसं कागदावर लिहिते, आणि मगच उरलेल्याकडे बघते. कुठले शब्द गाळले हे न सांगता दाखवलेलं चित्र लोकांची दिशाभूल करतं.

गाळण्याचा दुसरा प्रकार बिनवादाचा आहे. मराठी प्रबंधांच्या शीर्षकांत सगळ्यात मोठे शब्द येतात 'एक' आणि 'चिकित्सक अभ्यास'. सगळीकडे येणाऱ्या शब्दाला कमी वजन द्यावं आणि मोजक्या ठिकाणी येणाऱ्याला जास्त, ही युक्ती केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली, आजही शोधयंत्रं तिचा उपयोग करतात. आमच्याकडे ती लावल्यावर 'अभ्यास' मागे गेला आणि 'किल्लारी' पुढे आला. तिथल्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनावर आमच्याच केंद्रात काम झालं होतं. त्याची एकही प्रत वाचकांच्या हाताशी नव्हती. ती आता संदर्भ विभागात आहे.

शब्दमेघ मी हल्ली फक्त दारावर लावण्यापुरते काढते. विद्यार्थी थांबून बघतात, आपला शब्द शोधतात, एवढा त्यांचा उपयोग. जोनाथन फाइनबर्ग यांच्या २००८ च्या वर्डल या साधनामुळे शब्दमेघ जगभर पसरले. पण निर्णयाला ते कच्चे आहेत. 'व्यवस्थापन' आणि 'पाणी' सारख्याच वेळा आले तरी लांबीमुळे व्यवस्थापन डोळ्यात भरतं. खरेदीच्या कागदावर मी साधे आडवे पट्टे काढते, शेजारी शेजारी: मागणीचा पट्टा आणि संग्रहाचा पट्टा. ज्या शब्दाचा पहिला पट्टा लांब आणि दुसरा जवळजवळ नाही, तिथे खूण. मग ती खूण घेऊन माणसांकडे जायचं.

माणसांकडे जाणं का टाळता येत नाही, हे मला एस.टी.च्या वेळापत्रकाने शिकवलं. आमच्या मुली दुपारच्या गाडीने गावी परततात. ओपॅकचा संगणक वाचनकक्षाच्या दाराशी, जिथे दिवसभर बसणारे बहुतेक मुलगे. म्हणजे शोधांच्या नोंदीतून निघालेलं चित्र अर्ध्या महाविद्यालयाचं. मी देवघेव खिडकीपाशी कोऱ्या चिठ्ठ्यांचं खोकं ठेवलं. नाव लिहायचं नाही, काय हवं तेवढं लिहायचं. वहीच्या पानाच्या फाडलेल्या तुकड्यांवर शिवणकाम, पाळी, नर्सिंगचा प्रवेश, कथा, बँकेत खातं कसं उघडायचं असं बरंच आलं. एका चिठ्ठीवर होतं: 'आईला पिशवी काढायला सांगितली आहे. त्याच्याबद्दल मराठीत पुस्तक आहे का.'

ही चिठ्ठी कुठल्याही चित्रात दिसणार नाही. तो शब्द एकदाच आला होता. आमच्याकडे त्या विषयावर मराठीत, एका पदवीच्या मुलीला आईला वाचून दाखवता येईल असं काहीच नव्हतं. मी पुढच्या खरेदीची वाट पाहिली नाही. डॉक्टरांनी सोप्या मराठीत लिहिलेली स्त्री-आरोग्याची पुस्तकं दुकानातून आणली आणि खिडकीशेजारच्या मांडणीवर, विचारावं लागणार नाही अशा जागी ठेवली. ती बाहेर जातात, परत येतात, पुन्हा जातात. मोजणी करताना मी आता एकदाच आलेले शब्द यादीतून काढत नाही. ती शेपटी मी स्वतः बसून वाचते.

आणखी एक गोष्ट चित्रं कधीच सांगणार नाहीत: कुणीच न मागितलेलं काय घ्यावं. गणितातलं मूलभूत पुस्तक, तत्त्वज्ञान, कवितासंग्रह, दूरच्या देशांचा इतिहास. विद्यार्थी हे मागत नाहीत, कारण असं काही असतं हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. रंगनाथनांचा तिसरा नियम, पुस्तकाला त्याचा वाचक मिळवून देण्याचा, इथे कामाला येतो. मागणीच्या मागे धावणारं ग्रंथालय वाचकाला तो आहे तिथेच ठेवतं. म्हणून दरवर्षी काही पुस्तकं मी आणि दोन-तीन वाचते प्राध्यापक केवळ आमच्या जबाबदारीवर घेतो, आणि ती कपाटात न लपवता दर्शनी मांडतो.

या सगळ्याने खरेदीत काय फरक पडला? इंग्रजी संदर्भग्रंथांपैकी पुष्कळसं महाविद्यालयांसाठीच्या एन-लिस्ट या योजनेतून ई-पुस्तकांच्या रूपात मिळतं, ते छापील घेणं कमी केलं. तो पैसा मराठी पुस्तकांकडे, छोट्या संस्थांच्या पाणी आणि शेतीवरच्या प्रकाशनांकडे वळवला. ही प्रकाशनं मोठ्या विक्रेत्यांच्या यादीत नसतात. संस्थेला पत्र लिहून, पैसे आगाऊ भरून मागवावी लागतात, आणि लेखा विभागाला ते तीन-तीनदा समजावून सांगावं लागतं. राज्याची आर्थिक पाहणी, जिल्हा गॅझेटियर, 'पारी' या संकेतस्थळावरचे ग्रामीण वृत्तान्त आणि अहवाल असं जे मोफत उपलब्ध आहे त्याच्या नोंदी ओपॅकमध्ये पुस्तकांसारख्याच घातल्या. आता 'पाणी' शोधलं की चितळे आयोगाचे खंड वर येतात. यंदाच्या प्रकल्पांच्या संदर्भसूचीत त्यांचा उल्लेख मी माझ्या डोळ्यांनी वाचला.

महाविद्यालयांतल्या माझ्या सहकारी ग्रंथपालांना एक विनंती आहे. यंदाची मागणीपत्रकं पाठवण्याआधी तुमच्या ओपॅकवर शून्य निकाल लागलेल्या शोधांची यादी काढा, वाचकांची नावं पुसा आणि ती ग्रंथालय समितीच्या पहिल्या बैठकीत टेबलावर ठेवा. त्याला पैसे लागत नाहीत. मराठी शब्दांची रूपं एकत्र करण्याचं काम मात्र एकेकट्याने करण्यासारखं नाही. माझ्याकडे तयार झालेली रूपांची आणि गाळायच्या शब्दांची यादी मागेल त्या ग्रंथालयाला मी देईन. विदर्भ, कोकण, खानदेश, गोवा इथल्या शब्दांची भर त्यात तुम्ही घाला.